आउटबॅकमध्ये सोबती बदलत जाणार असाल, तर आधी वेगळं होण्याची ठिकाणं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, पुण्याहून एकटीच निघणार, वर्क ॲण्ड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत नंबर लागलाय. ॲडलेडहून डार्विनपर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलिया खंडाच्या ऐन मध्यातून, आउटबॅक नावाच्या विरळ वस्तीच्या मुलखातून, सॅक पाठीवर घेऊन जायचंय. स्वतःची गाडी नाही, ठरलेली सोबतही नाही. हॉस्टेलात जे भेटतील त्यांच्या गाडीत जागा घ्यायची आणि सोबती बदलत पुढे सरकायचं. हे शहाणपणाचं आहे का, अनोळखी माणसांची पारख कशी करायची, मधेच पटेनासं झालं तर काय, आणि ऊडनाडाटाचा कच्चा रस्ता धरावा की सरळ डांबरी हायवे, असं तुम्ही विचारलंय.

जरूर जा. मी ॲलिस स्प्रिंग्जला राहतो आणि लहान लहान गटांना घेऊन या मुलखात गाडी चालवणं हाच माझा व्यवसाय आहे. दर हिवाळ्यात (इथला हिवाळा जून ते ऑगस्ट) इथल्या हॉस्टेलांत तुमच्यासारखे कितीतरी जण येतात. बहुतेकांचा प्रवास सुखरूप होतो आणि आयुष्यभर पुरेल असा होतो. पण तुम्ही ज्या क्रमाने विचार करताय तो मला बदलायचाय. तुम्ही आधी माणूस शोधताय, मग वाट, आणि भांडण झालंच तर पुढचं पुढे. इथे उलटं करावं लागतं. सोबत्यापासून वेगळं कुठे होता येईल ती ठिकाणं आधी नकाशावर मांडायची, त्या दोन ठिकाणांमधल्या टप्प्यापुरताच सोबती धरायचा, आणि तिथे पोचल्यावर पुढचा टप्पा त्याच माणसाबरोबर करायचा की नाही हे नव्याने ठरवायचं.

याचं कारण अंतरात आहे. ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा सुमारे ३१० किलोमीटर. तिथून कूबर पीडी ५४०. कूबर पीडी ते ॲलिस स्प्रिंग्ज ६९०. ॲलिस ते टेनंट क्रीक ५१०, टेनंट क्रीक ते कॅथरिन ६७०, कॅथरिन ते डार्विन ३२०. मधल्या जागी जे दिसतं ते रोडहाउस: पेट्रोलचा पंप, खानावळ, बार, चार-सहा खोल्या, मागे तंबूची जागा. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या अडीचशे किलोमीटरच्या पट्ट्यात तर तेवढंही नाही, पेट्रोलचा थेंब मिळत नाही. महाराष्ट्रात एखाद्याशी बिनसलं तर पुढच्या फाट्यावर उतरून एसटी पकडता येते. इथे उतरलात तर कुणीतरी दुसरा अनोळखी माणूस थांबून गाडीत घेईल या भरवशावर उभं राहायचं, आणि तो पर्याय तुम्ही कधीच घ्यायचा नाहीये.

म्हणून वेगळं होण्याची ठिकाणं मोजकीच: पोर्ट ऑगस्टा, कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरिन, डार्विन. या सगळ्या ठिकाणी राहायला जागा मिळते, पोलिस ठाणं आणि दवाखाना आहे, आणि लांब पल्ल्याची बस थांबते. बस रोज असतेच असं नाही, वेळही अनेकदा अपरात्रीची असते, त्यामुळे त्या त्या टप्प्याच्या बसचे वार आणि भाडं आधीच वहीत लिहून ठेवा. तेवढे पैसे अधिक दोन रात्रींच्या मुक्कामाचे पैसे बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. ही रक्कम जवळ असली की माणूस सोबत्याच्या चुकीच्या हट्टाला नाही म्हणू शकतो. माझ्या पाहण्यात, वाईट गाडीत बसून राहिलेले बहुतेक लोक भित्रे नव्हते. त्यांच्याकडे उतरण्यापुरते पैसे नव्हते.

उलुरू या प्रचंड खडकाजवळचं युलारा हे आणखी एक ठिकाण. तिथे विमानतळ आहे, ॲलिसला परतणाऱ्या सहली मिळतात, पण मुक्काम महाग. एर्लडुंडाचा फाटा मात्र, जिथून हायवे सोडून उलुरूकडे वळायचं असतं, तो वेगळं होण्याच्या यादीत घेऊ नका. तिथे बस थांबते हे खरं, पण रोडहाउसपलीकडे काही नाही. आणि नेमकी तिथेच भांडणं होतात, कारण एकाला अडीचशे किलोमीटर आत जायचं असतं आणि दुसऱ्याला सरळ ॲलिस गाठायचं असतं. उलुरू करायचं की नाही हे ॲडलेडमध्येच ठरलेलं असू द्या.

आता माणसांबद्दल. हॉस्टेलचा नोटीस बोर्ड आणि फेसबुकवरचे राइड-शेअरचे गट, दोन्हीकडून सोबती मिळतात. ‘मस्त लोक हवेत, पेट्रोल वाटून घेऊ’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून काही कळत नाही, आणि कॉफी पिता पिता गप्पा मारूनही फारसं कळत नाही, कारण शहरात सगळेच छान वागतात. मी दोन गोष्टी करायला सांगतो.

पहिली, निघायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये गाडीची स्टेपनी काढून बघायची. खरोखर काढायची, नुसती विचारायची नाही. बॅकपॅकरांच्या हातातून हातात फिरणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये स्टेपनी बहुधा खाली, चासीला टांगलेली असते. ती सोडायचा खटका गंजलेला असतो, चिखल बसून घट्ट झालेला असतो. जॅक असतो पण त्याचा दांडा नसतो. पान्हा असतो पण नटाच्या मापाचा नसतो. स्टेपनी खाली आली तर तिच्यात हवा नसते. हे सगळं सावलीत, फरशीवर, पाण्याची बाटली शेजारी असताना कळलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. आणि या अर्ध्या तासात गाडीबरोबर गाडीवालाही दिसतो. ‘चल, बघू या’ म्हणून जो जमिनीवर आडवा होतो आणि गंजलेला खटका बघून दुकानातून नवीन आणतो, त्याच्याबरोबर जा. ‘कशाला, आजवर काही झालं नाही’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका, मग तो कितीही हसतमुख असो.

दुसरी, एक छोटा, सोपा टप्पा आधी करून बघायचा. ॲडलेडहून फ्लिंडर्स रेंजेसमधलं विल्पेना पाउंड साधारण ४३० किलोमीटरवर आहे. रस्ता डांबरी, वाटेत गावं, शेवटी दोन दिवस डोंगरात भटकंती आणि तंबूत मुक्काम. माणूस सकाळी किती वाजता उठतो, अंधार पडल्यावर गाडी चालवायचा हट्ट धरतो का, किती पितो, भांडी कोण घासतं, पैशाचा विषय निघाला की चेहरा कसा होतो, हे सगळं या दोन दिवसांत कळतं. नाही पटलं तर परतीच्या वाटेवर पोर्ट ऑगस्टाला ‘मी इथून बसने जाते’ म्हणून मोकळं व्हायचं. एका टप्प्याचाच वायदा होता, त्यामुळे कुणाचा अपमानही होत नाही.

एकट्या बाईने जाण्याविषयी आडपडदा न ठेवता बोलतो. आउटबॅक म्हटलं की दोन घटना लोकांना आठवतात: १९८९ ते १९९२ या काळात सात तरुण प्रवाशांचे खून करणारा आयव्हन मिलात, आणि २००१ साली बॅरो क्रीकजवळ स्टुअर्ट हायवेवर (तुमच्या वाटेतला डांबरी हायवे तो हाच) झालेला ब्रिटिश पर्यटकाचा खून. मिलातने लिफ्ट मागणाऱ्यांना हेरलं होतं. रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट घ्यायची नाही, हा नियम त्यामुळेच मी कुणासाठीही सैल करत नाही. पण अशा घटना अतिशय विरळ आहेत. तुम्हाला प्रत्यक्षात ज्याला तोंड द्यावं लागण्याची शक्यता जास्त, तो त्रास वेगळा: गाडीवाल्याने तंबू एकच आणलाय हे मुक्कामाला पोचल्यावर कळणं, किंवा पेट्रोलचे पैसे सोडून देण्याच्या बदल्यात जवळीक मागणं. म्हणून तंबू स्वतःचा असू द्या, पैसे पहिल्या दिवसापासून स्वतःचे भरा, आणि शक्यतो दोन बायका असतील अशाच गाडीत बसा. निघण्याआधी गाडीचा नंबर आणि सगळ्यांच्या लायसन्सचा फोटो घ्या, तुमचाही त्यांना द्या, आणि तो घरी पाठवलाय हे सगळ्यांसमोर सांगा. भला माणूस याला हरकत घेत नाही. कुणी घेतलीच, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

सोबती बदलले की गाडीतली प्रत्येक व्यवस्था नव्याने लावावी लागते, आणि इथेच लोक आळस करतात. आधीच्या चौघांचं जे ठरलं होतं ते नवीन आलेल्या पाचव्याला कुणी सांगतच नाही. त्याला वाटतं, पाणी कुणीतरी भरलंय. माझ्या गटांत दर वेळी एक जरी माणूस बदलला तरी गाडी सुरू करण्याआधी सगळे खाली उभे राहतात आणि एका कागदावरच्या ओळी मोठ्याने वाचल्या जातात. पाणी किती लिटर आणि कुठल्या डब्यात. पुढचं पेट्रोल कुठे. आज कुठे पोचायचं आणि नाही पोचलो तर कोण कुणाला कळवणार. औषधं कुणाची कुठली, ॲलर्जी कुणाला कशाची. गाडी कोण चालवणार. शेवटची ओळ कायम तीच: गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही.

या शेवटच्या ओळीवर प्रत्येकाकडून ‘हो’ ऐकल्याशिवाय मी निघत नाही. १९९८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाहून आलेलं एक तरुण जोडपं लेक आयरच्या काठी हॅलिगन बेजवळ वाळूत अडकलं. गाडी भाड्याची होती. मदत येईना, तेव्हा दोघं ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्यावरच्या विल्यम क्रीक या वस्तीच्या दिशेने चालत निघाले. तो वाटेतून गाडीकडे परतला, ती पुढे गेली. तिचा मृतदेह साधारण ३० किलोमीटरवर सापडला. गाडीपाशी राहिलेला तो जिवंत राहिला. ही दोघं एकमेकांना चांगली ओळखत होती, तरी त्या क्षणी दोघांचे निर्णय वेगळे झाले. काल ओळख झालेल्या चौघांचं काय होईल याचा विचार करा. गाडी सावली देते, विमानातून दिसते, तिच्यात पाणी असतं. रखरखीत उन्हात चालणारा एकटा माणूस विमानातून जवळजवळ दिसत नाही. याच ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलंय.

पाण्याचा हिशोब किमान असा धरा: माणशी दिवसाला पाच लिटर, पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकाला. चौघं, तीन दिवसांचा कच्चा रस्ता, म्हणजे ६० लिटर. त्यावर अडकून पडलो तर म्हणून आणखी तेवढंच. आणि ते एका मोठ्या टाकीत भरू नका, वीस-वीस लिटरच्या वेगवेगळ्या डब्यांत भरा. खडबडीत रस्त्यावर एक डबा चिरला तर बाकीचे राहतात.

काही वस्तू मात्र गटाच्या असून चालत नाहीत, त्या तुमच्याच मालकीच्या आणि तुमच्याच पाठीवर हव्यात. त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पीएलबी, हाताच्या पंजात मावणारा आपत्कालीन बीकन. झाकण उघडून ॲन्टेना उभा केला आणि बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो आणि कॅनबेरातल्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाच्या बचाव केंद्राला कळतं. त्यांच्याकडे नोंदणी फुकट आहे, ती स्वतःच्या नावावर करा आणि घरच्यांचा नंबर तिथे द्या. विकत घेणं जड वाटलं तर भाड्यानेही मिळतो. ‘गाडीत आहे एक’ असं सोबती म्हणाला म्हणून आपला घेतला नाही, आणि तो सोबती कूबर पीडीलाच वेगळा झाला, तर पुढचे दोन हजार किलोमीटर तुम्ही त्याशिवाय. पासपोर्ट, औषधं, निदान चार-पाच लिटर पाणी, रुंद काठाची टोपी, माशांपासून वाचवणारी जाळी, टॉर्च आणि कागदी नकाशा यांनाही हाच न्याय. मोबाइलसाठी टेल्स्ट्राचं सिम घ्या. दुर्गम भागात त्यांचं जाळं सगळ्यांत पसरलेलं आहे, तरीही गाव सोडलं की थोड्या वेळात रेंज जाते. नवीन आयफोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, पण त्याची बॅटरी तुम्ही दिवसभर गाणी आणि फोटोंवर संपवलेली असते. पीएलबीची बॅटरी वर्षानुवर्षं फक्त त्या एका कामासाठी राखलेली असते.

विम्याकडे दुर्लक्ष करू नका. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेडिकेअरचा करार भारताशी नाही, म्हणजे दवाखान्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळा खर्च तुमच्या अंगावर. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या पुढाकाराने १९२८ साली क्लॉनकरीहून सुरू झालेली फ्लाइंग डॉक्टर सेवा आजही या मुलखाचा जीव आहे, तिची विमानं रोडहाउसशेजारच्या मातीच्या धावपट्टीवर उतरतात. पण विमान येईपर्यंत काही तास जातात, तेव्हा प्रथमोपचार येणारा एकजण गाडीत असावाच. तो तुम्हीच व्हा. पुण्यातच एखादा कोर्स करून या.

गाडीच्या विम्यात सोबती बदलण्याने एक गुंता होतो. भाड्याची गाडी असेल तर करारात ज्यांची नावं आहेत त्यांनीच ती चालवायची. वाटेत आलेला नवा सोबती ‘थोडं मी चालवतो’ म्हणाला आणि कांगारू आडवा आला, तर विमा कंपनी हात वर करते. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर विमा लागूच नसतो, आणि अनेक करारांत गावाबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवायला मनाई असते. कुणा बॅकपॅकरची स्वतःची गाडी असेल तर विचारा, फक्त रेगो (गाडीची नोंदणी) आहे की वेगळा विमाही आहे? रेगोबरोबर येणारा सक्तीचा विमा माणसाला झालेल्या दुखापतीपुरता असतो. समोरच्या महागड्या गाडीचं नुकसान झालं तर त्यात एक पैसाही मिळत नाही. टोइंगचंही तसंच. रोडसाइड असिस्टन्सच्या साध्या योजनेत अंतराची मर्यादा असते, आणि ऊडनाडाटा ट्रॅकवरून गाडी ओढून आणायचं बिल जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतं.

पैशांचं माझ्याकडचं वाटप सांगतो, त्यावर आजवर कुरबूर झालेली नाही. पेट्रोल आणि तंबूच्या जागेचं भाडं समान. गाडीची नेहमीची झीज, तेल, बॅटरी, इंजिन हे मालकाचं. पण सगळ्यांनी मिळून कच्च्या रस्त्याने जायचं ठरवलं आणि टायर फाटला किंवा काच फुटली, तर तो खर्च सगळ्यांचा. रोडहाउसवर पेट्रोल शहरापेक्षा बरंच महाग असतं, त्यामुळे ॲडलेडचा भाव धरून केलेला अंदाज कोसळतो. हिशोब रोज रात्री करा. दहा दिवसांचा हिशोब अकराव्या दिवशी बसून केला की प्रत्येकाला आपणच जास्त भरल्यासारखं वाटतं.

दारू आणि गांजा हे दोन विषय तुम्हाला अवघड वाटतील, तरी पहिल्याच भेटीत काढा. नॉर्दर्न टेरिटरीत अनेक आदिवासी वस्त्यांच्या हद्दीत दारू नेणं गुन्हा आहे, दंड होतो, गाडीही जप्त होऊ शकते. ॲलिसमध्ये बाटली विकत घेताना ओळखपत्र तपासतात. डिकीत कुणाच्या सॅकमध्ये काय आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे पोलिसांना पटवणं सोपं नाही. आणि तुमचा तर व्हिसाही त्या गाडीत बसलेला असतो.

इथे आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ही जमीन रिकामी नाही. उलुरू अनंगू या आदिवासी लोकांचं आहे, ते त्यांना १९८५ साली परत मिळालं आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणं बंद झालं. पायथ्याभोवतीची साधारण १० किलोमीटरची फेरी तुम्ही पहाटे सुरू करून करा, त्यातच ते खरं भेटतं. वाटेत काही जागी फोटो काढू नका असे फलक आहेत. किंग्ज कॅन्यनहून ॲलिसकडे जाणाऱ्या मेरीनी लूपच्या कच्च्या रस्त्याला परवाना लागतो आणि वाटेत मुक्काम करायला मनाई आहे. एखादा सोबती ‘कोण बघतंय’ म्हणत कुंपण ओलांडू लागला, तर तुम्ही गाडीतून खाली उतरू नका आणि पुढच्या गावात त्याला निरोप द्या. दुसऱ्याच्या देवस्थानात असं वागणारा माणूस पाण्याच्या रेशनिंगलाही तसाच वागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

गाडी चालवण्याबद्दल मोजकंच. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, रात्री गाई-बैल बसलेले असतात, कारण मोठाल्या कॅटल स्टेशनांना, म्हणजे गुरं पाळण्याच्या अवाढव्य कुरणांना, रस्त्याकडेला कुंपण नसतं. प्राणी आडवा आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. गाड्या उलटतात त्या तशा. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तिला ओलांडायला समोर किलोमीटरभर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. कच्च्या रस्त्यावर समोरून ती आली तर डावीकडे कडेला घेऊन धूळ बसेपर्यंत सरळ थांबा. आणि चालवणारा दर दोन तासांनी बदला, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ऊडनाडाटा की हायवे. मरी ते मार्ला हा ऊडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा आहे आणि माझं त्याच्यावर जीवापाड प्रेम आहे. तो तिथून का जातो हे समजलं की तुम्हालाही त्याचा लळा लागेल. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी आहे आणि या पट्ट्यात ते झऱ्यांच्या रूपाने वर येतं. आदिवासींच्या गेरूच्या व्यापाराच्या वाटा झऱ्यावरून झऱ्यावर जात होत्या. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट त्याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे सरकला आणि १८६२ मध्ये उत्तर किनाऱ्याला पोचला. १८७२ साली पुरी झालेली तारेची लाइन त्याच वाटेने गेली, आणि नंतर घान रेल्वेही. उंटांचे तांडे हाकणारे जे लोक सरसकट ‘अफगाण’ म्हटले जात, त्यांच्यातले बरेच आजच्या पाकिस्तान-भारताच्या भागांतून आलेले होते. मरीला त्यांच्या मातीच्या मशिदीची जागा दाखवतात. जुनी रेल्वे १९८० मध्ये बंद झाली, पण पडके सायडिंग, लोखंडी पूल आणि खजुराची झाडं अजून आहेत. ब्लांश कप आणि बबलर या झऱ्यांपाशी उभं राहिलात की वैराण पांढऱ्या मातीच्या उंचवट्याच्या माथ्यावर पाणी बुडबुडत वर येताना दिसतं. खालची वाळू फुगते, फुटते, पुन्हा बसते. तिथून थोडं पुढे कॉवर्ड स्प्रिंग्जला त्या पाण्यात डुंबता येतं.

पण हा रस्ता पहिल्या सोबत्यांबरोबर करू नका. पावसाचे पाच-दहा मिलिमीटर पडले तरी तो बंद होतो, आणि बंद असताना गाडी घातली तर दंड जबर. रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात, त्यावर टायरमधली हवा उतरवून बेताच्या वेगाने जावं लागतं. दिवसभर सगळी गाडी थडथडते, आणि संध्याकाळपर्यंत माणसांचे स्वभावही उघडे पडतात. मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला यांमध्ये प्रत्येकी २०० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. विल्यम क्रीकची वस्ती जेमतेम दहा-बारा जणांची. तिथे वेगळं होणं शक्य नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. मे महिन्यात या. मे ते ऑगस्ट दिवस सुखाचे असतात. मात्र जून-जुलैत ॲलिसला रात्री पारा शून्याखालीही जातो, म्हणून चांगली स्लीपिंग बॅग हवीच. आधी विल्पेनाची चाचणी, मग डांबरी स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी. तिथे जमिनीखालच्या घरात राहा, ओपल या रत्नाच्या खाणी बघा. सोबत जमली असेल, गाडी खरी फोर व्हील ड्राइव्ह असेल आणि रस्ता उघडा असेल, तर कूबर पीडीहून विल्यम क्रीक १६६ किलोमीटर आहे. तेवढं आत जा, लेक आयरवरून छोट्या विमानाची फेरी घ्या, आणि परत कूबर पीडीला या. अख्खा ट्रॅक ज्यांच्याबरोबर करावासा वाटेल असे लोक तुम्हाला पुढे ॲलिसमध्ये भेटतील. तुमच्या व्हिसावर दुसरं वर्ष मिळवायला तीन महिने ठरावीक काम करावं लागतं आणि दुर्गम भागातलं हॉटेल-पर्यटनाचं काम त्यात धरतात. ॲलिसला काम करत थांबलात तर माणसं निवडायला घाई उरत नाही. काम घेताना एवढं बघा: खोलीला आतून कडी आहे का, पगाराची पावती मिळते का, आणि सुट्टीच्या दिवशी गावात जायला गाडी आहे का.

खाण्याचं सामान ॲडलेडच्या किंवा ॲलिसच्या भारतीय दुकानातून घ्या. पोहे, मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट हे सगळं कमी पाण्यात आणि कमी गॅसवर होतं. राजमा-छोले नकोत, भिजवण्यात आणि शिजवण्यात पाणी जातं. चौघांत थालीपीठ लावणारी तुम्ही एकटी असाल, तर ते काम भांडी घासण्याच्या बदल्यात करा. आणि कॅथरिनहून डार्विनऐवजी पश्चिमेला कुनुनुराकडे वळलात, तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. लिंबं आणि कांदे आदल्या मुक्कामीच संपवा.